प्लायखालचं मीठ

हसू नका रे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या काशीनाथच्या बाबतीत घडलंय हे. सोमवारी सकाळी मी त्याचं तोंड या डोळ्यांनी बघितलंय.

शनिवार होता, १४ डिसेंबर १९९१. ऑफिस सुटल्यावर काशीनाथ दोन पोती खडेमीठ आणायला गेला. भाईंदर पूर्वेला, नवघरला, तळमजल्यावर त्याचं घर. बिल्डिंग जुन्या मिठागरावर भराव टाकून बांधलेली, त्यामुळे फरशीला बारा महिने ओल. तान्ह्या पोराची छाती दोनदा भरली, तेव्हा त्याची बायको शुभदा पोराला घेऊन माहेरी गेली. "फरशी कोरडी करा, मगच येईन," म्हणाली. रविवारी सकाळी ती बघायला येणार होती. ओल दिसली तर आल्या पावली परत.

म्हणून हा फरशीवर प्लाय ठोकत होता. मिस्त्री न लावता, स्वतः! तीन आठवडे झाले, काही केल्या काम संपेना. आधी खालच्या लाकडी पट्ट्या बसवल्या, त्या वर-खाली. प्लाय कापला तर दाराशी बोटभर फट. ती बुजवली तर मधला तुकडा फुगला. वार्निश मारलं की ओलीने पांढरं पडायचं. घासा, परत मारा. डबा खाताना नुसता चरफडायचा. मला म्हणाला, "अरे, माणसाने करायचं तरी काय? डोकं आपटू का त्या फरशीवर?"

शेवटी त्याने डोकं चालवलं. मीठ पाणी ओढतं ना? मग पट्ट्यांच्या मधे मीठ भरायचं आणि वरून प्लाय ठोकायचा.

शेजारच्या इंदुबाईंचा जन्म मिठागरात गेलेला. त्यांनी दारातून ते बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"आरं, काय करतंस? मीठ पायाखाली घालाचं न्हाय! सांडलेलं मीठ मेल्यावर पापन्यांनी येचाया लागतं."

काशीनाथचं डोकं आधीच फिरलेलं. "मेल्यावरचं मेल्यावर बघू, इंदुबाई! आधी बायको तर घरी येऊ दे."

प्लाय ठोकून झाला. अकरा वाजता वार्निशचा हात संपला आणि तो स्वयंपाकघरात चटईवर आडवा झाला.

दोन वाजून दहा मिनिटांनी जाग आली. बाहेरच्या खोलीत काहीतरी खरखरत होतं. प्लायच्या खाली.

उंदीर असेल. त्याने उंबऱ्यावर हात आपटला. आवाज थांबला.

मग पुन्हा... एक खडा. थांबणं. दुसरा खडा. कुणीतरी वेचत होतं. अगदी सावकाश.

"कोण आहे?"

...

रागाने, हताशपणाने त्याला रडूच फुटलं. "तीन आठवडे खपतोय मी. उद्या बायको येतेय. हात जोडतो, फरशी बिघडवू नका!"

...

तो ओणवा झाला. उंबऱ्याला कान लावला. काहीच नाही.

मग पलीकडून कुणीतरी श्वास घेतला. अगदी कानाखाली. थकलेला श्वास.

त्याला तो ओळखीचा वाटला.

...

पुढचं त्याला आठवत नाही.

जाग आली ती दार वाजलं तेव्हा. ऊन वर आलं होतं. वार्निश कडक वाळलेलं, कुठे पांढरा डाग नाही, ओरखडा नाही. एकही खिळा हललेला नव्हता. धावत दार उघडायला गेला तर पायाखाली प्लाय पोकळ वाजला. दाराशी त्याने ठिगळ लावलं होतं, त्या तुकड्याचा कोपरा त्याने घाईघाईत उचकटला. खालची लादी कोरडी ठणठणीत. मिठाचा एक कण नव्हता. दोन पोती मीठ!

पण दाराबाहेर बायको उभी. त्याने तुकडा दाबून बसवला आणि कडी काढली.

शुभदा अनवाणी आत आली. खाली बसून तिने तळवा टेकवला, कोपऱ्याकोपऱ्यात हात फिरवला. "अगं बाई! खरंच कोरडी केलीत हो!" तिने पोराला खाली ठेवलं. आता काही ती परत जात नव्हती. काशीनाथला ब्रह्मानंद झाला. त्याने वाकून पोराला उचललं.

पोर त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलं. मग असं किंचाळलं म्हणता!

शुभदाने झटकन त्याला ओढून घेतलं. मग तिनेही वर बघितलं. हसू गेलं.

"अहो..." ती म्हणाली. "तुमच्या पापण्या कुठायत?"