बजेटमधला रफार

कुलूप घातलेल्या घराची किल्ली माझ्या हातात होती, आणि दाराला कुलूपच नव्हतं.

लातूरच्या ट्यूशन एरियातला दुसऱ्या मजल्यावरचा तो रिकामा फ्लॅट. फेब्रुवारीतली कोवळी सकाळ. मी दार लोटलं, तर हॉलच्या मधोमध उघड्या फरशीवर एक माणूस पालथा पडलेला. माझ्या तोंडून किंकाळी निघणार, तेवढ्यात तो माणूसच ओरडला.

"हलू नका!"

"मी?"

"हाव, तुम्हीच. तुमची सावली पडून राहिली ना फरशीवर. जरा बाजूला... तिकडं न्हाई, इकडं. हां!"

मी मुकाट्याने बाजूला झाले. एरवी मला कुणी 'जरा बाजूला' म्हणालं, तर मी आधी भांडते आणि मग सरकते. त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे. कॅमेऱ्याचा आवाज झाला आणि तो उठून बसला. शर्टाच्या पुढच्या बाजूला घरभरची धूळ, आणि चेहऱ्यावर लग्नाचा मुहूर्त गाठल्याचं समाधान.

"या खिडकीत ऊन लई थोडा वेळ येतं," तो म्हणाला. "तुम्ही आणखी एक पाऊल टाकलं असतं, तर गेलं होतं."

"पण तुम्ही आहात कोण?"

"आनंदराज. निलंग्याचा. अमृतरावांनी फोटो काढायला पाठवलं. घरमालकाकडून किल्ली घेतली. आणि तुम्ही?"

"ज्या ऑफिससाठी तुम्ही शर्टाने फरशी पुसून राहिलात ना, त्या ऑफिसची मी."

तो हसला. फार नाही, एका गालापुरतंच. मी उगाच खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

तर मी लुंबिनी. घर नांदेडला, नोकरी लातूरला, अमृतराव काकांच्या प्रॉपर्टी ऑफिसात. कुणाचं घर भाड्याने द्यायचंय, कुणाला विकायचंय, त्याची जाहिरात वेबसाइटवर आणि फेसबुकवर टाकायची, फोन घ्यायचे, घरं दाखवायची, हे माझं काम. शिवाय शुद्धलेखन. घरमालक मंडळी 'सरव सोयी' आणि 'मारगाला लागून' असं लिहून पाठवतात, आणि मी प्रत्येकाच्या डोक्यावर रफार चढवत बसते. काका मला 'रफारबाई' म्हणतात. मला राग येतो, पण खरं आहे म्हणून गप्प बसते.

लातूरला घरांचा हंगाम असतो, आंब्यासारखा. दहावीच्या परीक्षा उरकल्या की सगळ्या मराठवाड्यातून आई-बाप पोरांना घेऊन येतात. डॉक्टरकीच्या ट्यूशन लावायच्या, तर राहायला घर पाहिजे. बाप गावी शेती-दुकान बघतो आणि आई दोन वर्षं इथं खोली करून राहते. हंगामात जाहिरात जमली तर वर्ष निघतं, हुकली तर खोल्या रिकाम्या आणि ऑफिसात माशा. त्या वर्षी काकांनी जाहिरातीचं बजेट पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलं होतं. वेबसाइटला किती, फेसबुकला किती, होर्डिंग, एसटी स्टँडवर वाटायचे कागद, आणि फोटो. फोटोच्या ओळीपुढे आनंदराजचं नाव होतं.

त्यामुळे दर आठवड्याला आम्ही भेटू लागलो. म्हणजे कामासाठीच! तो फोटो काढायचा, मी पडदे सरळ करायचे.

"मोठी लेन्स लावा ना," मी एकदा म्हणाले. "स्वयंपाकघर जरा ऐसपैस दिसेल."

"न्हाई. पोराची आई मुखेडहून एसटीत उभी राहून येती. इथं येऊन बघती, तर ओटा वीतभर. तिला काय वाटंल?"

"मग फोटो कशाचा काढायचा?"

"ती आधी काय बघती, त्याचा." त्याने शेजारून मागून आणलेलं एक टेबल खिडकीपाशी ओढलं, खुर्ची ठेवली. "पोरगं कुठं बसंल, ते. बसा बरं जरा."

"मी कशाला?"

"उजेड बघायचाय."

मी बसले. तो फार वेळ उजेड बघत राहिला.

"दिसला का उजेड?"

"दिसून राहिला..." तो कॅमेऱ्यामागून म्हणाला. "पण जाहिरातीत टाकण्यासारखा न्हाई हा. हा ठेवून घेतो."

घरी जाताना रिक्षावाल्याला मी दोनदा चुकीचा पत्ता सांगितला.

तो बोलायचा कमी, पण त्याचं लक्ष बारीक. एकदा एका घरमालकाने फोनवर मला बजावलं, "भाडेकरूचं आडनाव आधी विचारत जा, मग घर दाखवा." असे फोन मला नवे नव्हते. लातूरला आले तेव्हा माझं पूर्ण नाव ऐकून दोन खोल्या माझ्या डोळ्यांसमोर 'आत्ताच गेल्या' होत्या. मी फोन ठेवला आणि काकांना म्हणाले, "ज्याला आधी आडनाव लागतं, त्याच्या घराला जाहिरातीचा पैसा नाही. असली घरं महिनोन् महिने पडून राहतात, पैसा वाया जातो." हे हिशेबाचंच बोलणं होतं आणि खरंही होतं. काकांनी मान डोलावली. आनंदराज कोपऱ्यात लेन्स पुसत होता. जिना उतरताना तो एवढंच म्हणाला, "मॅडम, आज तुमच्या हातचा चहा पाहिजे होता. पण तुम्ही टपरीवरचा बी पाजला तरी चालंल." आम्ही चहा प्यायलो. त्यालाही कधीतरी अशीच खोली 'गेली' असणार, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

त्याच चहावर त्याने पुण्याचं काढलं. तिथल्या एका स्टुडिओने बोलावलं होतं, पक्क्या नोकरीवर.

"जाणार?" मी कपाकडे बघत विचारलं.

"इथं वर्षभर काम राहिलं तर कशाला जातो?" तोही कपाकडेच बघत म्हणाला. "मला लातूर आवडून राहिलंय... अलीकडं."

म्हणजे तो थांबणार की जाणार, ते माझ्या बजेटमधल्या एका ओळीवर आलं होतं.

आणि नेमकी तीच ओळ काकांनी धरली. "पोरी, फोटोला पैसे? मोबाईल न्हाई का आपल्याकडं? मी काढतो की. तेवढ्या पैशात होर्डिंग मोठं होईल."

त्या होर्डिंगवर काकांचा फेटा बांधलेला फोटो होता, हात जोडलेला. मला भांडायचं होतं. एरवी भांडलेही असते. पण ह्या वेळी मनात एक शंका शिरली. मी त्या ओळीची बाजू घेतली, तर ती घरांसाठी घेते आहे की दर आठवड्याच्या त्या एका गालातल्या हसण्यासाठी? माझं मलाच सांगता येईना. ज्या पंचाने लाच खाल्ली, त्याने निकाल कसा द्यावा? मी स्वतःच्या हाताने ती ओळ खोडली. प्रामाणिक वागल्याचं समाधान मिळेल असं वाटलं होतं. रडू आलं.

निदान ठरलेल्या एका घराचे फोटो तरी त्याच्याकडून काढून घ्यावेत म्हणून मी मेसेज केला, "परवा औसा रोडच्या फ्लॅटचे फोटो काढायला याल का?" तो पाठवला आणि मग धीर करून दुसरा, "बजेटमधून फोटोची ओळ कमी करावी लागते आहे. तुम्हाला चालेल ना?"

बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं. दोनच शब्द.

"परवा नाही."

बस्स? मी इथं उशी भिजवायच्या बेतात, आणि ह्याला पर्वाच नाही? मी फोन उलटा ठेवला. पुन्हा सुलटा केला. शब्द तेच होते. ठीक आहे, म्हटलं. नसू दे. आम्हालाही नाही.

तो आला नाही, मी बोलावलं नाही. शनिवारी नांदेडला गेले, तर आई म्हणाली, "भाजीत मीठ न्हाई का गं? तोंड का असं?" मीठ बरोबर होतं.

इकडे हंगाम चढला. काकांनी मोबाईलवर काढलेले फोटो मी टाकत गेले. एकात काकांचा अंगठा होता, दुसऱ्यात न्हाणीघराची बादली. त्या घरांना फोन येईनात. जे फोन येत, ते सगळे जुन्या फोटोंवर. मुखेडच्या धुरपताबाई म्हणाल्या, "बाई, ते टेबल मांडलेलं घर हाय का अजून? माझा नातू तिथं बसलेला दिसला मला." हिमायतनगरहून खाजामियाँचा फोन आला. "मॅडम, वो खिडकीवाला मकान... म्हणजे ते खिडकीचं घर. आमची मनतशा म्हणते, अब्बा, मी तिथंच अभ्यास करणार. पण..." ते थांबले. "घरमालक आधी नाव तर न्हाई ना विचारणार?"

"नाही विचारणार," मी म्हणाले. "तुम्ही या."

फोन ठेवला आणि माझ्या डोक्यातलं मळभ एकदम गेलं. लोक वेबसाइटला फोन करत नव्हते, होर्डिंगला तर नाहीच. ते त्या खिडकीला फोन करत होते. मग माझं मन त्या माणसावर जडलेलं असो, नाहीतर त्याच्या नावाने बोटं मोडणारं असो, हिशेब तोच राहणार होता. प्रेमात पडले म्हणून खरं बोलायची चोरी का?

मी काकांसमोर बसले आणि ह्या वेळी पोटभर भांडले. होर्डिंगची ओळ खोडली, फोटोची परत लिहिली.

काकांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "म्हणजे माझा फोटो काढून त्याचा ठेवला की गं!"

"त्याचा नाही, काका. त्याने काढलेला."

"एकच हाय ते," काका म्हणाले आणि मिशीत हसत खाली निघून गेले. त्यांना नक्की काय कळलं होतं, देव जाणे.

मी आनंदराजला मेसेज केला. कोरडा, ऑफिसचा. "काम सुरू झाले आहे. येऊन भेटावे."

तो आला त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं. एप्रिलमधलं अवकाळी. जिना चढेपर्यंत थेंब सुरू झाले, कॅमेऱ्याची पिशवी त्याने शर्टाच्या आत धरलेली. आमचं ऑफिस वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली.

"तुमचा मेसेज आला म्हणून आलो," तो दारातूनच म्हणाला. "पण मी पुण्याच्या स्टुडिओला 'हाव' म्हणून बसलोय. परवा निघायचंय."

"जा की," मी म्हणाले. "तुम्हाला कुठं कशाची पर्वा आहे? स्वतःच लिहिलंत."

"मी? काय लिहिलं?"

मी फोन त्याच्यापुढे धरला. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे असं बघितलं, की मीच त्याच्या उन्हात उभी राहिले होते जणू.

"मॅडम... परवा नाही म्हणजे परवा न्हाई! बहिणीला बघायला पाहुणे येणार होते त्या दिवशी. तुम्ही विचारलं, परवा याल का. मी म्हणलं, परवा नाही. निलंग्याच्या गाडीत होतो, रेंज न्हाई. तुमचा दुसरा मेसेज पडला संध्याकाळी. ओळ कमी केली म्हणून. मला वाटलं, तुम्हालाच नको झालोय मी. मग कोणत्या तोंडानं फोन करू?"

मी फोनकडे बघितलं. परवा. रफार नव्हता. आख्ख्या जिल्ह्याच्या डोक्यावर रफार चढवणारी मी, आणि माझ्याच वेळी बघायचा राहिला.

"ती 'पर्वा' असती," माझा आवाज इवलासा झाला, "तर वर रफार असता..."

"हाव. आम्हाला बी येतं तेवढं."

मला हसू यायला लागलं आणि रडूही. बाहेर वीज कडाडली.

"एक विचारतो," तो म्हणाला. "ओळ परत लिहिली, ती कुणासाठी? घरांसाठी का माझ्यासाठी?"

"घरांसाठी," मी म्हणाले. खोटं बोलणार नव्हते. "ती ओळ तुम्ही पुण्याला गेलात तरी राहील, दुसरा कुणी फोटो काढेल. पण..." मी बजेटचा कागद बाजूला सारला. "ओळ कामासाठी आहे. तुम्ही... तुम्ही माझ्यासाठी थांबा."

तो काहीतरी बोलला. ते मला ऐकूच आलं नाही. कारण त्याच क्षणी पत्र्यावर गारा सुरू झाल्या. असा आवाज, की कानात बोटं घालावीत.

"काय?" मी ओरडले.

त्याचे ओठ हलले. मी मान हलवली. त्याने हात जोडले, आभाळाकडे बघितलं, मग खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर उभा राहून सावकाश टाइप करायला लागला. मध्येच थांबला, काहीतरी खोडलं, नीट बघून पुन्हा लिहिलं. माझ्या हातातला फोन थरथरला.

"परवा जात नाही. पर्वा आहे, लुंबिनी. पहिल्या दिवसापासून."

मी आधी रफार बघितला. होता. मग माझं नाव बघितलं. मॅडम नव्हतं, नुसतं नाव, वेलांट्यांसकट बरोबर. त्याने ते मनात किती वेळा लिहून पाहिलं असेल, असं वाटलं आणि माझे डोळे भरून आले.

तो वाट बघत उभा होता. उघड्या दारातून उडून आलेली एक गार त्याच्या केसांत अडकलेली, वितळत असलेली. मला टाइप करायचा धीर निघेना. मी छाती भरून श्वास घेतला आणि त्या गारांच्या वर आवाज चढवून ओरडले,

"मलाही आहे! लई आहे!"

आणि गारा थांबल्या. नेमक्या तेव्हाच, तोटी बंद केल्यासारख्या. माझा आवाज मात्र ऑफिसभर, जिनाभर, पार खालच्या किराणा दुकानापर्यंत गेला.

जिन्यातून काकांची पावलं वर येत होती. ती मध्येच थांबली.

"रफारबाई," खालून काकांचा आवाज आला, "मी जरा दुकानातच बसतो. पाऊस लई हाय."

पाऊस कुठंच नव्हता. आनंदराजने हात पुढे केला, आणि मी तो धरला.