खालच्या आवाजाचे विराम

छत्री मिटत नाझेली हाचिगकाकांच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरली, तेव्हा एक उंच तरुण जुनी पुठ्ठ्याची वही उघडून यंत्राच्या काचेवर पालथी दाबायच्या बेतात होता. ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू व्हायला दोन दिवस उरले होते. बाहेर बुर्ज हमूदच्या आर्मेनियन वस्तीतल्या गल्लीत तारांच्या गुंत्यातून पाऊस ठिबकत होता, आणि त्या तरुणाच्या खांद्यावरून थेंब ओघळत ओघळत नेमके वहीच्या दिशेने निघाले होते.

"दाबू नका," ती म्हणाली. अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलायची तिची रीत नव्हती. "शिवण उसवेल."

"मग काय करू?" तो वळला. "फुंकर घालू?"

तेवढ्यात वीज गेली. जनरेटर चालू व्हायला पाच-सात मिनिटं लागणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. नाझेलीने वही त्याच्या हातातून अलगद काढून घेतली आणि दाराच्या उजेडात धरली. पाच पाच रेषांच्या ओळी, त्यांवर बारीक, उजवीकडे झुकलेले स्वर, खाली आर्मेनियन अक्षरांत स्तोत्राचे शब्द. वाचता वाचता ती कधी गुणगुणायला लागली, ते तिला कळलंच नाही… मान वर केली तर तो टक लावून बघत होता.

हाचिगकाकांनी अंधारातच ओळख करून दिली. ही नाझेली, साऱ्या देवळांची गाणी हिच्या संगणकातून छापून निघतात, पाण्यात पडलेलं हस्ताक्षरसुद्धा ही वाचते. आणि हा झारेह, मिहरानचा मुलगा. चाळीस वर्षं देवळात गाणं सांभाळलेले मिहरान गेल्या शरदात गेले, हे गल्लीत सर्वांना माहीत होतं. वहीत त्यांनी रचलेली अकरा स्तोत्रं होती. पहिलं स्तोत्र ईस्टरला त्यांच्या आठवणीत गायचं ठरलं होतं, त्यासाठी झारेह सगळी वही नीट छापून हवी म्हणून फिरत होता.

"करून द्याल?" त्याने विचारलं.

"देईन," ती म्हणाली. आणि मग जरा थांबून, "पण खांदे पुसून मग वही घ्या."

*

नाझेलीला लहानाचं मोठं केलं ते वेरझिनमावशीने. आता मावशीला उजेड आणि सावली एवढंच दिसायचं. दिवसभर ती खिडकीशी बसून बोटांच्या अंदाजाने क्रोशा विणायची. त्यामुळे दुपारी झारेह हस्ताक्षर ओळखायला म्हणून येऊ लागला, तेव्हा लोकांनी नावं ठेवावीत असं त्यात काही नव्हतं. मावशी होतीच खोलीत.

नाझेली दर उपासात एक व्रत धरायची. पहाटे देवळात जाऊन वाळू भरलेल्या परातीत एक मेणबत्ती रोवायची, चाळीस दिवस दूध-मांस वर्ज्य, हे तर सगळ्यांचंच. त्याशिवाय एक आपलं असं, कुणाला न सांगितलेलं. यंदा तिने ठरवलं होतं, चाळीस दिवस स्वतःसाठी काही मागायचं नाही. देवाकडे नाही, माणसाकडे नाही. सोपं व्रत होतं. तिला तसं हवं तरी काय होतं…

झारेह संगणकाच्या पडद्याकडे बघत हजार प्रश्न विचारायचा. एकाच ओळीवर दोन आवाज का? तिने सांगितलं, वरच्या आवाजाच्या स्वरांच्या दांड्या वर, खालच्याच्या खाली, म्हणजे एका घरात राहूनही भांडण नाही. मग गप्प राहायची खूण, तो विराम, कुठे लावायचा? तेही तसंच. वरचा आवाज गप्प असेल तर विराम वर सरकवायचा, खालचा असेल तर खाली. नाहीतर गाणाऱ्याला कळणार कसं, आपण थांबायचं की दुसऱ्याने? संगणक आपल्या मनाने लावतो, पण धसमुसळा लावतो. खालचा विराम पार शब्दांवर जाऊन आदळतो. मग एकेक हाताने उचलून जागेवर ठेवावा लागतो.

"आणि दोघंही एकदमच गप्प झाले तर?"

"तर दोन कशाला? एकच. बरोब्बर मधल्या रेषेवर."

"दोघांत एक?"

"दोघांत एक," ती म्हणाली, आणि उगाचच पडद्याच्या अगदी जवळ वाकून काहीतरी नीट करू लागली.

दोन उभ्या रेघांमधला पूर्ण खणभर थांबायचा विराम रेषेला खालून लटकतो, काळा, आखूड. झारेहने त्याचं नाव वटवाघूळ ठेवलं. हे वटवाघूळ जरा डावीकडे, ते वर, असं तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा. मावशी म्हणाली, पोरा, घरात असं काही आणू नकोस, मला दिसत नाही. तो हसला, नाझेली हसली. मसुराच्या कोफ्त्यांची ताटली मध्ये असायची. ती दोघं एकाच वेळी हात पुढे करत आणि एकाच वेळी मागे घेत.

गुरुवारी संध्याकाळी देवळात तालीम. गायनवृंदात आता पुरुष उरलेच नव्हते फारसे. कोणी मॉन्ट्रियलला, कोणी मार्सेला गेलेला. म्हणून वरचा आवाज नाझेलीला दिला होता. खालचा झारेहचा. उपासात वेदीवर पडदा ओढलेला असतो, त्या काळ्या पडद्यासमोर ती दोघं उभी राहायची. तिचा आवाज चढायचा, त्याचा खाली वाट बघायचा… आणि शेवटच्या खणात दोघंही एकदम गप्प व्हायची. त्या तेवढ्या चार मात्रा नाझेलीला घरी जाईपर्यंत ऐकू यायच्या.

*

तिसऱ्या आठवड्यात झारेह पत्र घेऊन आला. तिकडे परदेशात, लियोंच्या नाट्यगृहातल्या गायकवृंदात त्याची निवड झाली होती. दहा वर्षं तो ज्याच्यासाठी आवाज घासत होता, तेच. अट एवढीच, वीस मार्चपर्यंत हजर व्हायचं. ईस्टर एप्रिलच्या मध्यावर. ईस्टर इथे करतो म्हटलं, तर जागा दुसऱ्याला जाणार.

मावशीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. नाझेलीने अभिनंदन केलं, नीट, सगळे शब्द जागच्या जागी.

"अजून कळवलं नाही त्यांना," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "कोणी थांब म्हणालं, तर थांबेनही."

खिडकीशी क्रोशाची सुई थांबली. नाझेलीने पुढचं पान उघडलं.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. कायमचा थांब, असं ती म्हणणार नव्हती. मावशीला सोडून ती जाऊ शकत नव्हती, आणि महिन्याभराच्या ओळखीवर कोणाचं आयुष्य अडवायचा तिला हक्कही नव्हता. पण ईस्टरपर्यंत? फक्त ईस्टरपर्यंत. वेदीवरचा पडदा उघडेल, ती दोघं गातील, आणि तोवर… तोवर काहीतरी स्पष्ट होईल. त्यासाठी त्याची जागा जाईल, हेही तिला कळत होतं. तरी तिला हवं होतं.

पहाटे तिने देवळात एकाच्या जागी दोन मेणबत्त्या रोवल्या. एक रोजची. दुसरी व्रत मोडायच्या आधीच मागितलेली क्षमा.

घरी येऊन ती कामाला बसली, म्हणजे दुपारपर्यंतचा वेळ तरी जाईल. पहिली सहा स्तोत्रं झाली होती. उरलेली पाच तिने सलग उतरवली. त्यांच्यात एक विचित्र गोष्ट होती. वरचा आवाज गात होता, पण खालच्या आवाजाला एकही स्वर नव्हता. फक्त विराम, खणामागून खण, पानामागून पान, थेट शेवटपर्यंत. मिहरानना सवय असेल दोन आवाजांची, तिला वाटलं. जो आवाज गातच नाही, त्याचे विराम छापायचे कशाला? पान उगाच काळं होतं. तिने खालचा आवाज सगळा निवडला आणि एका फटक्यात पुसला. पानं स्वच्छ, मोकळी झाली. चांगलं काम झालं की वाटतं, तसं तिला वाटलं.

दुपारी झारेह आला. तिने मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, तीन शब्दांचं. आधी त्याला पानं दाखवावीत आणि मग…

तो सातव्या स्तोत्रावर थांबला.

"ओन्निगकाका कुठे गेला?" त्याने हळूच विचारलं.

तिला कळलं नाही. मग त्याने सांगितलं. ओन्निग म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. वहीतली पहिली सहा स्तोत्रं बाबांनी दोघांसाठी रचली, वरचा आवाज स्वतःचा, खालचा ओन्निगचा. युद्धाचे दिवस होते. ओन्निगला मार्सेला जायचे कागद मिळाले, बोटीचा दिवस ठरला. बाबा म्हणाले, फक्त ईस्टरपर्यंत थांब. एवढं एक स्तोत्र बरोबर गाऊ आणि मग जा. तो थांबला. ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी पाव आणायला गेला, आणि त्याच रस्त्यावर तोफगोळा पडला.

"त्यानंतर बाबांनी जे काही लिहिलं, त्यात त्याचे विराम लिहिले," झारेह म्हणाला. "आई म्हणायची, आता कशाला? ते म्हणायचे, तो गात नाहीये, पण त्याची जागा आहे. आणि बघ, पहिल्या सहांत शेवटच्या खणात दोघांचा विराम एकच आहे, मधोमध. पुढच्या पाचांत दोन वेगवेगळे. एक वर, एक खाली. ते पुन्हा त्याच्या शेजारी गप्प बसू शकले नाहीत."

नाझेलीने शेवटची कृती मागे घ्यायची कळ दाबली. पुसलेले विराम सगळे एकदम परत आले. ओळीखाली लटकलेले, पानभर, मुके. झारेह त्यांना वटवाघूळ म्हणाला नाही.

मग ती एकेक उचलून नीट ठेवायला लागली. त्या कामाला घाई करता येत नाही. कितीतरी वेळाने त्याने विचारलं, "तुला काही बोलायचं होतं ना? आल्यापासून वाटतंय मला."

ते तीन शब्द तिच्या तोंडात तसेच होते. पण आता ते तिचे राहिले नव्हते. ते झारेहच्याच घरात कोणीतरी एकदा म्हणून ठेवले होते, आणि एका माणसाने जन्मभर त्यांची भरपाई करत काळे विराम काढले होते.

"हो," ती म्हणाली. "कागद किती मोठा घ्यायचा, ते विचारायचं होतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने नजर पडद्यावरून हलवली नाही.

"वहीएवढाच," तो शेवटी म्हणाला.

जिन्यात त्याच्या पावलांचा आवाज खाली खाली गेला. मावशी म्हणाली, नाझेली, डोळे माझे गेलेत, कान नाही. काहीच न बोललेलंसुद्धा मला ऐकू येतं. नाझेलीने तिचा खाली पडलेला लोकरीचा गुंडा उचलून दिला आणि तिळाच्या तहिनीत द्राक्षाची काकवी कालवायला गेली.

झारेह अठराला गेला. निघताना दारात आला, पण आत आला नाही. खाली टॅक्सी उभी होती. मावशीचा हात चुंबला. नाझेलीला म्हणाला, वही तुझ्याजवळच राहू दे. ती म्हणाली, सांभाळेन. एवढंच.

*

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी वेदीवरचा पडदा उघडला. वृंदप्रमुख बाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. खालचा आवाज गायला त्या पट्टीचा कोणी नाही. शेवटी त्यांनी ठरवलं, नाझेलीने एकटीने गायचं, आणि तिने एका आवाजाची स्वच्छ प्रत छापून आणावी.

नाझेलीने प्रत आणली. वर तिचे स्वर होते. खाली, जिथे झारेहचे स्वर असायला हवे होते, तिथे विराम होते, पहिल्या खणापासून शेवटपर्यंत.

बाई म्हणाल्या, हे काय? ही काळी रांग कशाला? यातलं कोणी काही गाणार आहे का?

"नाही," नाझेली म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "पण त्याची जागा आहे."

बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि प्रत ठेवून घेतली.

ईस्टरच्या सकाळी ती गायली. उघडी वेदी, मेणबत्त्यांची ऊब, पहिल्या बाकावर मावशी, चेहरा उजेडाकडे केलेली. नाझेली स्वर लावत होती आणि मनात खालच्या आवाजाच्या मात्रा मोजत होती. एकही खण तिने गाळला नाही. शेवटी दोन्ही आवाज थांबायचे, तिथे ती थांबली, आणि चार मात्रा देऊळभर अगदी काहीच नव्हतं.

उपास सुटला. लाल अंडी फुटली, पावाचे गोड वेढे वाटून झाले. तिचं व्रतही पुरं झालं होतं. आता मागायला हरकत नव्हती. तिने तरीही काही मागितलं नाही. अकरा स्तोत्रं आणि ईस्टरची ती एक प्रत असं सगळं तिने झारेहला पाठवून दिलं, सोबत एक ओळ, सवडीने तपासून घे.

चार दिवस काही आलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी फोन किणकिणला. मावशी डुलकी घेत होती.

त्याने लिहिलं होतं की सगळं पाहिलं. बाबांचं आणि काकांचं आहे तसंच राहिलंय. तालमीनंतर रिकाम्या खोलीत तिची ईस्टरची प्रत समोर ठेवून तो उभा राहिला होता, आपले विराम मोजत, एकही शब्द न गाता. लोकांना वाटलं, याचा आवाज बसलाय.

मग थोड्या वेळाने अजून एक ओळ आली.

"तुझ्या प्रतीत शेवटच्या खणात दोन विराम हवे होते ना? एकच आहे. मधल्या रेषेवर. चुकून राहिलाय का?"

नाझेलीने खिडकीबाहेर पाहिलं. तारांवर वाळत घातलेल्या चादरी हलत होत्या. तिने दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं.

"नाही," तिने शेवटी लिहिलं. "हाताने लावलाय."