शून्य सावलीची वेळ

जुलै संपत आला तरी आभाळात ढगाचं बोटभर चिंधूक नव्हतं. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, आणि कोरेवाडीच्या शाळेत पाण्याचा माठ पालथा पडला होता. आभाळ मोकळं म्हणून त्या वर्षी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते ते मुलांना दाखवता येणार होतं. नीलाबाईंनी अंगणात काठ्या रोवल्या. दर दहा मिनिटांनी मुलं सावलीच्या टोकावर चुन्याचा ठिपका देत होती.

पारूची जागा रिकामी होती. आठ दिवसांपूर्वी अंगणाच्या कुंपणापलीकडच्या विहिरीत ती तळातलं पाणी खरवडायला उतरली आणि दरड कोसळली.

सव्वाबाराला तालुक्याहून व्यंकटराव साहेब जीपनं आले. सुटलेलं पोट, डोक्यावर टोपी. हातात पंचनामा.

"बाई, सही करा. पोरगी खेळायला गेली होती. टँकर रोज येत होता."

"महिनाभर एकदाही आला न्हाई, साहेब."

"कागदावर आलाय ना? नोकरीचा विचार करा."

नीलाबाईंनी कागद परत सारला. "तिच्या मरणाचा दोष तिच्याच माथी मारू? सही मिळणार न्हाई."

साहेब अंगणाच्या मधोमध उभे राहून ओरडत होते. साडेबाराला काठ्यांच्या सावल्या विरल्या. मुलांच्या त्यांच्याच पायांत गोळा झाल्या. साहेबांचीही सावली पायांखाली गेली.

"बघून घेतो," म्हणत ते जीपकडे गेले. धूळ उडाली.

एक वाजता ठिपके देणाऱ्या पोरींतल्या नागम्मानं हाक मारली. "बाई, इथं कोण उभं हाय?"

अंगणाच्या मधोमध मोकळ्या जमिनीवर वीतभर सावली पडली होती. पोट सुटलेली, टोपी घातलेली. वर कोणीच नव्हतं.

 नीलाबाईंनी आवाज हलू दिला नाही. "मोजा," त्या म्हणाल्या. "दर दहा मिनिटाला."

तीनला ती अडीच हात झाली, पाचला अंगण ओलांडून कुंपणाला लागली. काठ्यांच्या सावल्यांसारखीच, पूर्वेकडे. हिशोबात कुठेही चूक नव्हती. पूर्वेला विहीर होती.

"बाई, भ्या वाटायलंय," नागम्मा म्हणाली.

"जा घरी सगळे."

सहाला सावलीचं डोकं विहिरीच्या काठावरून आत उतरलं. मग खांदे.

नीलाबाई जवळ गेल्या. पारूची चप्पल अजून तिथंच पडली होती. त्यांनी ती उचलली, झाडली, पदरात घेतली.

मग खाली पाहिलं.

सावलीनं दोन्ही हातांनी काठ धरला होता.

नीलाबाई हलल्या नाहीत. बघत राहिल्या.

एकेक बोट सुटत गेलं.