आईच्या खुर्चीवरून

दाराआडून खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. फरशीवर लाकडी पाय घासल्याचा, जरा किरकिरा. इतकी वर्षं झाली, पण दुपारी घरात सामसूम असली की अजून कानावर येतो.

तू त्या मनाच्या डॉक्टरकडे जाणार म्हणतेस. जा, बाळ. मी नको म्हणणार नाही. दात दुखला तर माणूस दाताच्या डॉक्टरकडे जातोच ना? मन दुखलं तर त्यात लाजायचं काय? चांगली माणसंही असतात त्यात. पण जाण्याआधी हे ऐकून घे. तुझी आत्या, माझी पोर, तू फोटोतच पाहिलीस. फोटोतच का, ते तुला कुणी सांगितलं नसेल.

तुझ्या आत्यानं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा तुझ्या आजीनं तिच्याशी बोलणं टाकलं. एका घरात राहून, एका टेबलावर जेवून शब्द नाही. आणि तशीच आजी गेली. बोलली नाही ती नाहीच. त्यानंतर पोरीची झोप उडाली. रात्रभर आईच्या रिकाम्या पलंगाकडे बघत बसायची. ऑफिसातल्या कुणीतरी एका थेरपिस्टचं नाव सुचवलं. स्वतःच्याच फ्लॅटमध्ये माणसं बघायचा. गोड बोलायचा. भिंतीवर कसलीशी प्रमाणपत्रं होती, ती मला वाचता येत नव्हती आणि जिला वाचता येत होती तिनं वाचली नाहीत. कुठं शिकलात, अडलात तर कुणाला विचारता, मध्येच काही बिघडलं तर आम्ही काय करायचं... एवढं विचारायला तोंड होतं आम्हाला. पण भिडेपोटी गप्प बसलो. भाजी घेताना दहादा दाबून बघणारी माणसं आम्ही.

पोरगी आत जायची, मी बाहेर बाकावर. दारापाशी एक छोटं यंत्र सूं सूं करत असायचं, आतलं बोलणं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून. बोलणं नाही यायचं. खुर्च्या मात्र ऐकू यायच्या.

"आत करता काय ग एवढं?" एकदा बसमध्ये विचारलं.

"बाबा, दोन खुर्च्या असतात. एक माझी, एक आईची. मी माझ्या खुर्चीवरून आईशी बोलते. मग उठून आईच्या खुर्चीवर बसते आणि आई होऊन मला उत्तर देते."

"आणि मग?"

"मग परत माझ्या खुर्चीवर यायचं. सर माझं नाव विचारतात. ते सांगितलं की संपलं."

"आई रागावते का अजून?"

ती हसली. किती दिवसांनी हसली होती. "तुमच्यावर जास्त," म्हणाली.

मला बरं वाटलं. मी ते आवाज ओळखायला लागलो. खुर्ची सरकली, म्हणजे पोरगी आईकडे गेली. पुन्हा सरकली, म्हणजे पोरगी परत आली.

त्या दुपारी पुढची बाई वेळेआधी आली. तिनं घंटा दाबली, पुन्हा दाबली. आत पोरगी नुकतीच आईकडे गेलेली. परत आल्याचा आवाज मी ऐकला नाही. दार उघडलं, तो गृहस्थ घाईनं म्हणाला, "आज इथंच थांबू, पुढच्या वेळी पूर्ण करू." आणि ती बाहेर आली. डावा पाय जरासा ओढत.

माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो... चला घरी."

जिन्यात माझा हात कठड्यावरून सुटला. मला आयुष्यात अहो म्हणणारी एकच होती, आणि तिचाच तो पाय होता.

घरी आल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली. डबे जुन्या जागी लावले. "बूट दारात नका काढू, किती वेळा सांगायचं?" म्हणाली. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मला वाईट वाटलं नाही. मी बूट उचलून ठेवले. पण सकाळी पोरीच्या खोलीत तिच्या फोनचा गजर वाजायला लागला. वाजत राहिला. ही शेजारी उभी राहून ऐकत होती, आणि तो बंद कसा करायचा ते तिला कळत नव्हतं.

तेव्हा मला धडकी भरली. मग माझी पोर कुठं आहे?

मी त्याला फोन केला. "होतं असं," तो म्हणाला. "भावना वर येतात. पुढच्या भेटीत बघू. आणि हे बघा काका, मधल्या काळात फोन करायचा नाही, असा नियम आहे आपला."

नियम त्याचा होता. पोर माझी होती.

ठरलेल्या दिवशी आम्ही निघालो. ती मुकाट आली. वाटेत एवढंच म्हणाली, "तिला शोधायला निघालात ना?"

"हो ग."

"आणि मी... मी आले ते?"



फ्लॅटचं दार उघडंच होतं. आत ओल्या रंगाचा वास. भिंती मोकळ्या. एक रंगारी शिडीवर.

"साहेब गेले जागा सोडून," तो म्हणाला. "कुठं, ते आम्हाला नाही सांगितलं. सगळं सामान नेलं. ही एक खुर्ची तेवढी राहिली. दिसायला काडीसारखी आहे, पण दोघांना उचलली नाही बघा. कुणी बसल्यासारखी जड."

कोपऱ्यात ती खुर्ची, भिंतीकडे तोंड करून. मी जवळ गेलो. गुडघे टेकले. ओल्या रंगाच्या वासात एक दुसरा वास होता, पोरीच्या केसांचा.

"चिमणे," मी हळूच म्हणालो, "भेट संपली. चल घरी."

काहीच झालं नाही. मग माझी करंगळी कुणीतरी धरली. गार बोटांनी, घट्ट. लहानपणी रस्ता ओलांडताना ती तशीच धरायची.

मी वळलो. ती दारात उभी होती, माझ्या पोरीच्या कपड्यांत, माझ्या पोरीच्या चेहऱ्यानं.

"सापडली ग," मी म्हणालो. "इथंच आहे ती... आता तू ऊठ. पोरीला तिची जागा दे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे पाहिलं. करंगळीवरची पकड आणखी घट्ट झाली.

मग ती वळली, आणि डावा पाय ओढत, एक शब्दही न बोलता, जिना उतरून निघून गेली, ती कायमची.