न्हालेली व्हॅन

"मष्णू, ती न्हालेली पुढं घे रं!"

अप्पासाहेबांनी आपल्या ड्रायव्हरला हाक मारली आणि मंजुश्रीचे कान टवकारले. मच्छे रस्त्यावर अप्पासाहेबांचे जुन्या गाड्यांचे दुकान होते. मष्णूने पुढे आणलेल्या पांढऱ्या व्हॅनवर तर बोटभर धूळ! बाकीच्या गाड्या मात्र नुकत्याच धुऊन लख्ख उभ्या होत्या आणि त्यांच्याभोवती गिऱ्हाइके फिरत होती.

"ही न्हाली कवा?" ती मामेभावाच्या कानात कुजबुजली.

"दिवाळीत! वर्षातनं एकदाच!" ओमकार फिदीफिदी हसला. सुट्टीला कंग्राळीहून आल्यापासून त्याच्या जिभेला हाड नव्हते.

मंजुश्रीला हसू आले नाही. तिचे बाबा, वडगावचे विणकर ज्योतिबा, दोन मागांपैकी एक विकून ही गाडी घ्यायला आले होते. स्वतःच्या साड्या स्वतः निपाणीच्या बाजारात न्यायच्या, असा त्यांचा बेत होता. गाडी फसवी निघाली तर उरलेला मागही विकावा लागणार!

"अडीच लाख लई झालं," बाबा म्हणाले. "कोल्हापूरकडं अशीच दीडला मिळती म्हणं."

"मिळती की! पण तिकडचा नंबर हिकडं चालंल व्हय? हीबी तिकडनंच आणली, पण कर्नाटकचा टॅक्स मी भरला. टायर नवं, शिटा नव्या, खालचं मॅटिंग नवं. जागेचं भाडं धरा, बँकेचं व्याज धरा. देवाशप्पथ अण्णा, मला चहापाण्यापुरतंच उरतंय!"

बाबा मान डोलावू लागले. मंजुश्रीने व्हॅनकडे पुन्हा पाहिले. चार वर्षांच्या गाडीला सगळेच नवे कशाला? आणि गाडी कोल्हापूरकडची. गेल्या पावसाळ्यात तिकडे पूर आला होता...

न्हालेली! अगं बाई!

"ओमक्या, त्यास्नी बोलण्यात गुंतव!"

ओमकार लगेच पुढे झाला. "काका, हिचा हॉर्न कानडीत वाजतोय का मराठीत?"

तेवढ्यात मंजुश्री व्हॅनमध्ये शिरली. आत अत्तराचा नुसता घमघमाट! सगळे नवे, फक्त सीटबेल्टचा पट्टा तेवढा जुना. कापड वरून कितीही धुतले तरी घडीच्या आत डाग राहतो, हे विणकराच्या लेकीला कुणी शिकवायला नको. तिने पट्टा ओढला. तो थोडा येऊन अडकला.

बाहेर बाबांनी पिशवीतून नोटा काढल्या!

"ए पोरी! उतर खाली!" मष्णू धावत आला.

तिने दातओठ खाऊन हिसका दिला. खर्रर्र! पट्टा शेवटपर्यंत बाहेर आला आणि तिच्या मांडीवर सुकलेला गाळ सांडला.

"बाबा, थांबा! ही गाडी पुरात न्हालीया!"

अप्पासाहेबांचा चेहरा पडला. "चिखल उडाला असंल कुठंतरी..."

बाबांनी पट्टा बोटांत चोळून पाहिला. "उडाला असता तर ठिपकं पडलं असतं. ही पाण्यात बुडल्याली रेघ हाय. टायर धरलासा, भाडं धरलासा, व्याज धरलासा. मग पाणी कुठं धरलासा, अप्पासाहेब?"

"अण्णा, हळू बोला!" अप्पासाहेबांनी हात जोडले. "सव्वा लाखाला न्या. पर बोंब मारू नगासा!"

बाबांनी हातातल्या नोटा चाचपल्या. सव्वा लाख! उरलेल्या पैशांत विकलेला माग परत घेता आला असता. मंजुश्रीचा जीव टांगणीला लागला.

इतक्यात फाटकाशी रिक्षा थांबली. उचगावची एक म्हातारी आणि तिचा नवरा उतरले. "नातीला दवाखान्यात न्यायला व्हॅन पायजे हुती," म्हातारी म्हणाली. "हीच व्हय ती पांढरी?"

अप्पासाहेब बाबांकडे केविलवाणे बघू लागले. बाबांनी नोटा पिशवीत घातल्या.

"मंजू, जा. आजीला पट्टा दाखव."

ती धावली. म्हातारीने गाळावरून बोट फिरवले आणि मंजुश्रीच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडली. "लई गुणाची गं बाई तू! आमी बुडालो असतो की!"

"माझी लेक हाय ती," बाबा म्हणाले. "आता गाडी तीच पसंत करील, मी नुसता भाव करीन."

आवारातली बाकीची गिऱ्हाइके एव्हाना आपापल्या पसंतीच्या गाड्यांत शिरली होती. चारी बाजूंनी आवाज येत होता, खर्रर्र! खर्रर्र!