तिसरा पुकारा

चोरखमारा तलावाकडची दुर्पता नेहमीसारखीच तारखेला आली होती. पुकारा झाला की ‘हाजर’ म्हणायचं, पुढची तारीख घ्यायची आणि जीप धरायची, एवढंच काम. तालुक्याच्या त्या कोर्टात जजच नव्हता. मागच्या साहेबांची बदली झाली. त्यांच्या जागी कोणाला पाठवावं असं वर कोणाला वाटलंच नाही. दुसरीकडचे साहेब अधूनमधून येत, जामिनाची कामं उरकत आणि निघून जात.

दावा होता, कवडूची खरी बायको कोण. कवडू गेला आणि मागे दोघी उरल्या. सवतीनं, जमुनाबाईनं, दावा टाकताना दुर्पताला मुद्दाम बापाच्या नावानं लिहिलं. तेव्हापासून शिपाई दारातून ओरडे, “दुर्पता बकाराम...” आणि ती रागानंच ‘हाजर’ म्हणे. यंदा पावसाळ्यात जमुना मेली. दुर्पता सरणापर्यंत जाऊन पाहून आली. पण तिच्या जागी वारस लावून घ्यायलाही जज हवा, म्हणून पुकारा मेलेलीचाच चालू होता. तोही कवडूचं नाव लावून.

उन्हं उतरली. गावातला रामलाल बोलवायला आला. “भाभी, चाल ना. शिपायानं कुलूप बी लावलं.”

“माहा पुकारा नाही झाला आज.”

पुकारा चुकला की दावा गेला, हे वकिलानं तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. रामलाल हसला, जीप थांबवतो म्हणाला आणि गेला.

व्हरांडा ओस पडला. मग गुडाखूचा वास आला. जमुना दातांना लावायची तो तंबाखूचा लेप.

“जमुनाबाई कवडू...” आवाज आतून आला.

“हाव... हाजर.” जमुनाचाच आवाज.

दार उघडंच होतं. अंधारात बाकं माणसांनी भरलेली. पुढच्या बाकावर कवडू, त्याच्या खांद्याला खांदा लावून जमुना. दुर्पताला भीती वाटायला हवी होती. तिच्या मनात आलं, मेल्यावर बी हिचाच नंबर पयले.

“दुर्पता कवडू...”

या नावानं तिला कोर्टात कोणी कधीच पुकारलं नव्हतं. जमुनाचा चेहरा उतरला, तो दुर्पतानं डोळे भरून पाहिला. दुसरा पुकारा झाला. आत जाऊ नये, हे तिला कळत होतं. तिसरा झाला.

“हाजर,” ती म्हणाली, आणि उंबरा ओलांडला.

मेजामागची खुर्ची रिकामी होती. “साहेब...?” तिनं विचारलं.

“बदली झाली,” मेजाजवळचा शिपाई मान वर न करता म्हणाला. “बसा.”

खिडकीशी रामलाल आला. थेट तिच्याकडे पाहत त्यानं तिलाच हाका मारल्या, कुलूप ओढून बघितलं आणि परत गेला. दुर्पता कवडूच्या दुसऱ्या बाजूला टेकली. त्यानं मान वळवली नाही.

शिपायानं पुढचं नाव घेतलं.

“रेणू कवडू...”

दोघी सवतींनी एकमेकींकडे पाहिलं. मागच्या बाकावर नव्या नवरीसारखा चुडा किणकिणला आणि कोवळा आवाज आला, “हाजर...”