‘अहो’ म्हटलं, ओ आली

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीनं हे मला सांगितलं. आणि शेवटचं तर मी माझ्या या कानांनी ऐकलं.

भुतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही नाही.

हे दिवसाढवळ्या घडलं. थंडी सरता सरता, डोंगरावरच्या एका भाड्याच्या घरात.

धाकटीचे यजमान, म्हणजे माझे मेहुणे, कादंबऱ्या लिहितात. लिहितात कसले, सांगतात. डोळ्यांनी दगा दिल्यापासून ते बोलतात आणि धाकटी टाइप करते. नोकरीत तिनं तेच केलं, आता घरात तेच.

लोकांना वाटतं, लेखकाचं घर म्हणजे रोजची मैफल. धाकटीला विचारा. सकाळी दाढी, चहा, खुर्ची. मग छताकडे बघणं. एक वाक्य सांगायचं आणि जेवण झालं की तेच खोडायला लावायचं.

“आज काय झालं गं कादंबरीत?” मी फोनवर विचारायची.

“नायिका जिना उतरली. काल चढली होती.”

पण मागची दोन वर्षं नायिका जिन्यातच उभी होती. मेहुण्यांना काही सुचत नव्हतं. डोळे आणखी जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ते म्हणायचे, “हे पुस्तक झालं नाही, तर मी नुसता खुर्चीतला माणूस.” धाकटी रात्ररात्र जागायची ती याच काळजीनं.

म्हणून ते डोंगरावर गेले.

घरासमोर व्हरांडा, व्हरांड्यासमोर दरी. दरीपलीकडे एक उघडाबोडका काळा कडा. सकाळी ऊन आधी कड्याच्या माथ्याला लागायचं आणि हळूहळू खाली सरकायचं. मेहुण्यांना एवढ्या लांबचा फक्त उजेड कळायचा, बाकी धाकटी सांगायची.

“कुठवर आलं?”

“कपाळापर्यंत.”

“आता?”

“नाकाच्या शेंड्यावर. तुमच्यासारखंच आहे, फेंदारलेलं.”

मेहुणे कितीतरी दिवसांनी हसले. आणि त्याच दिवशी फिरून आल्यावर त्यांनी तिला अख्खं प्रकरण सांगितलं. न अडखळता. धाकटीची बोटं दुखून आली, पण ती थांबली नाही.

रोज तसंच होऊ लागलं. काठी टेकत ते पायवाटेनं वळणापर्यंत जायचे, परत यायचे आणि बोलत सुटायचे.

“एवढं सुचतं कुठून हो?”

“वाटेनं चालताना कोणीतरी कानात सांगावं, तसं येतं बघ.”

धाकटीला बरं वाटलं. तिनं पुढं विचारलं नाही.

कड्यावरून आवाज परत यायचा. एकदा मेहुण्यांनी व्हरांड्यातून तिला हाक मारून दाखवली. “अगं…” तिकडून आलं, “अगं… गं… गं…”

“आता तू मार.”

धाकटीनं हाक मारली. आमच्या पिढीतली बाई नवऱ्याला काय हाक मारणार?

“अहो…”

तिकडून आलं, “हो… ओ…”

“बघा, डोंगर ओ देतोय!” धाकटी म्हणाली. दोघं पोट धरून हसले.

घराची देखभाल करणारी बाई तेव्हा झाडत होती. ती हसली नाही. ती बाई नवऱ्याला थेट नावानं हाक मारायची, ठणठणीत आवाजात, खालच्या वाटेपर्यंत जाईल अशी. धाकटीला त्याची गंमत वाटायची.

“वहिनी, तुमच्या साहेबांना नाव नाही का?” बाईनं विचारलं.

“आहे की. पण मी कधी घेतलं नाही बाई.”

“घेत जा. इथं ‘अहो’ म्हटलं तर कोण ऐकेल, त्याचा काय नेम?”

धाकटीला वाटलं, थट्टा करतेय.

एका सकाळी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, चहा झाला.”

व्हरांड्यातून आलं…

“ओ…”

ती कप घेऊन गेली. खुर्ची रिकामी होती.

मेहुणे न्हाणीघरात होते. पाण्याचा आवाज येत होता.

डोंगराचा आवाज असेल, असं तिनं मनाला समजावलं. मग तिच्या लक्षात आलं… ती ओरडली नव्हती. घरातल्या घरात बोलतात तसं बोलली होती. एवढासा आवाज दरी ओलांडून जातो का कधी?

“तुम्ही मघाशी ओ दिलीत?” तिनं नंतर विचारलं.

“मी? मी तर साबण शोधत होतो.”

तिनं विषय सोडून दिला. कादंबरी पळत होती. सोन्यासारखी चाललेली गाडी कोण थांबवणार?

मग तो दिवस आला.

दुपारी मेहुणे नेहमीसारखे फिरायला गेले. ऊन होतं. धाकटी आदल्या दिवशीची पानं तपासत बसली. मान वर केली, तर कडा दिसेना.

मग दरी दिसेना.

मग व्हरांड्याचा कठडाही दिसेना. धुकं असं आलं की जणू कोणी खिडकीवर चादर टाकली.

ती तशीच धावली. वाटेच्या एका अंगाला चढ, दुसऱ्या अंगाला थेट दरी. मधे काही आधार नाही. आणि मेहुण्यांना तर स्वच्छ उन्हातही दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं.

वळणावर आली, तेव्हा तिला स्वतःचे पायही दिसत नव्हते. पाखरं गप्प होती. वारा पडला होता.

“अहो!”

“ओ…”

जीव भांड्यात पडला. आवाज त्यांचाच होता. थोडा खरखरीत, सकाळी असतो तसा. डावीकडून आला होता.

ती डावीकडे वळली.

“अहो, हलू नका. मी येते.”

“ओ…”

आता जवळून.

“बरे आहात ना? लागलं नाही ना कुठं?”

तिकडून काही नाही…

“अहो, बोला की!”

“ओ…”

फक्त तेवढंच.

धाकटीनं पाऊल टाकलं. पायाखालचा दगड सुटला. खडखडत खाली गेला. आणि मग…

तो पडल्याचा आवाज आलाच नाही.

ती जागच्या जागी थिजली. मेहुणे असे नाहीत. एरवी एका ‘अहो’ला दहा वाक्यं ऐकवणारा माणूस. आणि आवाज येत होता समोरून, जिथं जमीनच नव्हती.

तिला त्या बाईचं बोलणं आठवलं. ‘अहो’ काय, जगातल्या कुठल्याही नवऱ्याचं नाव. ज्याला ओ द्यायची, तो देईल.

तिनं तोंड उघडलं. नाव येईना. इतक्या वर्षांच्या संसारात जिभेला त्या अक्षरांची सवयच नव्हती. पत्रिकेवर वाचलेलं, दारावरच्या पाटीवर फडक्यानं पुसलेलं नाव, पण उच्चारलेलं कधीच नाही.

समोरून, तिनं हाक न मारताच, आलं…

“ओ…”

धाकटीनं डोळे मिटले आणि जीव खाऊन नाव घेतलं.

सगळं शांत.

मग पाठीमागून, वरच्या अंगाला, काठी आपटल्याचा आवाज. “अगं, इथं आहे मी! तिकडं कुठं चाललीस?”

ती हातापायांवर रांगत मागं सरकली आणि त्यांचा हात धरला. हात ऊबदार होता.

“एवढ्या हाका मारल्या, एकदा ओ देता येत नव्हती?” ती रडतच भांडली.

मेहुण्यांनी तिचा हात घट्ट धरला. मग हळूच म्हणाले, “मी दर वेळी ओ देणार, तेवढ्यात कोणीतरी आधी देत होतं.”

“कोण?”

“आवाज माझाच होता. मला वाटलं, मीच बोलतोय.”

दोघं एकमेकांना धरून घरी आले. आणि तेव्हा धाकटीच्या मनात आलं, एवढ्या मोठ्यानं घेतलेलं नाव… ते कड्यावरून परत आलंच नाही, जणू तिकडं कोणी ठेवून घेतलं.

दुसऱ्या सकाळी त्यांनी घर सोडलं. देखभाल करणाऱ्या बाईनं सामान उचलून दिलं.

“नाव घेतलंत वाटतं वहिनी?”

“घेतलं. म्हणून तर सापडले.”

“बरं केलंत,” बाई म्हणाली. पण तिनं वर पाहिलं नाही.

स्वतःच्या घरी आल्यावर मेहुणे पुन्हा छताकडे बघत बसले. शेवटची दोन प्रकरणं राहिली होती. एक ओळ सुचेना. “आपण परत जाऊ या का?” ते अधूनमधून विचारायचे. धाकटी भांडी आपटून उत्तर द्यायची.

मग त्यांनी विचारणं बंद केलं.

गेल्या महिन्यात मी फोन केला. धाकटीनं उचलला. तिच्यामागे मेहुण्यांचा आवाज येत होता. न अडखळता, एकामागून एक वाक्यं. काय तो ओघ! मला इतका आनंद झाला.

“सुटले की गं एकदाचे! किती छान सांगतायत.”





“ताई…” ती कुजबुजली. “तुलाही ऐकू येतंय?”

“म्हणजे?”

“हे माझ्यासमोर बसलेत. तोंड मिटून. तेही ऐकतायत.”

तिकडे तो आवाज चालूच होता. आणि मग, त्याच्यावरूनच, मेहुण्यांचाच दुसरा आवाज आला. शांत, रोजच्यासारखा.

“जरा सावकाश सांग. हिला उतरवून घेता येत नाहीये.”

पहिला आवाज थांबला.

मग सावकाश सांगू लागला.

पुस्तक पुरं झालं. मेहुणे खुशीत आहेत. धाकटी म्हणते, “त्यांना इतकं सुखात कधी पाहिलं नव्हतं ताई. मी काय करू?” मी तरी काय सांगणार?

छापून आलं की पहिली प्रत ती मला पाठवणार आहे. दर वेळी पाठवते. आणि मी उतारवयात अक्षरं शिकलेली बाई. मला मनातल्या मनात वाचता येत नाही. ओळीखाली बोट ठेवून, एकेक शब्द मोठ्यानं म्हणावा लागतो.

घरात मी एकटीच असते.

ती शेवटची दोन प्रकरणं या घरात मोठ्यानं कशी म्हणू… आणि कोणी ओ दिली तर?